तालुक्याच्या कॉलेजात बांधकाम कारागिरीचा कोर्स काढायचाय, सुरुवात कुठून करू?

बोरीकाठचा_मास्तर

नमस्कार मंडळी. जरा लांबण लागेल, पण सगळं सांगितल्याशिवाय सल्ला तरी कसा मागू.

आमचं कॉलेज तालुक्याचं, साधं आर्ट्स-कॉमर्स-सायन्स. मी तिथे व्होकेशनलला शिकवतो, माझा स्वतःचा डिप्लोमा सिव्हिलचा. यंदा संस्थेने ठरवलंय की बांधकाम कारागिरीचा सहा महिन्यांचा कोर्स काढायचा. गवंडीकाम, सळईकाम, प्लंबिंग, वायरिंग असं चारही. कॉलेजमागचं जुनं गोडाऊन रिकामं करून दिलंय, शेजारी वीस गुंठे पडीक जागा आहे, पहिल्या वर्षापुरते पैसे आहेत आणि सगळी जबाबदारी माझ्या गळ्यात.

हे डोक्यात आलं त्याचं कारण घरचंच आहे. माझ्या बहिणीच्या घराचा गिलावा चार महिने अडकला, मिस्तरी मिळेना. एक मिळाला तो नाशिकला निघून गेला, दुसरा बऱ्हाणपूरकडचा होता तो लग्नसराईत गावी गेला तो आलाच नाही. आणि त्याच गल्लीत ओट्यावर सहा पोरं बसलेली, सगळी बीए झालेली, मोबाईल हातात, भरतीची वाट बघत. मला ते दोन्ही एकाच वेळी दिसलं आणि झोप लागली नाही.

आता प्रश्न. चारही ट्रेड एकदम घ्यावेत का एकदोन? शिकवायला कोण घ्यायचं, डिग्रीवाला का हाताने काम करणारा? तासांचा हिशोब कसा बसवू? आणि सगळ्यात मोठं म्हणजे पोरं येतील का, आली तर टिकतील का? ज्याला जे माहीत आहे ते मोकळेपणाने सांगा.

केळीवाला_रावेर

सर उद्घाटनाला वरण-बट्टी आणि भरीत ठेवा, अख्खा तालुका येईल. टिकतील का ते जेवण झाल्यावर बघू 😄 कल्पना मात्र लाख मोलाची आहे, खरंच.

पांझरा_७१

मी धुळ्यात छोटी-मोठी कामं घेतो, बावीस वर्षं झाली. सर तुमचा हेतू चांगला आहे पण स्पष्ट बोलतो, राग मानू नका. कोर्स केलेली पोरं माझ्याकडे आलीत, तीन वेळा. सर्टिफिकेट छान लॅमिनेट केलेलं. पहिल्या दिवशी उन्हात दोन तास, दुसऱ्या दिवशी डोकं दुखतंय, चौथ्या दिवशी फोन बंद. एकाला विचारलं की एका गोणीला पाणी किती, तर म्हणे अंदाजाने. अरे मग अंदाजाने तर माझा बिगारी पण टाकतो, तू काय शिकलास?

त्यापेक्षा पोरं थेट साइटवर पाठवा, वर्षात तयार होतील.

ओळंबा

पांझरा भाऊ, थेट साइटवर वर्षात कोण तयार झालं ते दाखवा मला.

मी मिस्तरी. वय ५४. बाराव्या वर्षी काकाच्या हाताखाली लागलो. पहिली तीन वर्षं मी फक्त विटा दिल्या आन घमेलं उचललं. थापी हातात आली चौथ्या वर्षी, ती पण काका आजारी पडला म्हणून. शिकवलं कोणी नाही, चोरून बघून शिकलो. काका जेवायला बसला की मी त्याच्या भिंतीला ओळंबा लावून ती सरळ उभी आहे का बघायचो. आज माझ्या हाताखाली पाच जण आहेत, त्यांना शिकवायला मलाच वेळ नाही कारण ठेका चौरस फुटावर आहे. मी शिकवत बसलो तर त्या दिवसाची हजेरी कोणाच्या खिशातून देऊ? साइटवर शिकणं म्हणजे हे असं आहे.

मास्तर, कोर्स काढा. पण आमच्यासारखा माणूस शिकवायला ठेवा.

जिभाऊ_शिंदखेडा

ओळंबा दादा एकदम बरोबर बोलनात. आमना गावमा मिस्तरी शोधा तं सापडत नही, सगळा सुरतले निंघी ग्यात.

उधना_कर

जिभाऊ मी त्यातलाच 🙏 शिंदखेड्याजवळचा, आता सुरतच्या उधन्याला वीस वर्षं. लूमवर होतो, मग टाइल्स लावायला शिकलो. एक सांगतो, इथे आमच्या खान्देशी पोरांना काम आहे पण ते सगळे बिगारी म्हणून येतात आणि बिगारी म्हणूनच म्हातारे होतात. मिस्तरीची हजेरी बिगारीच्या दीडपट तरी असतेच, टाइल्सवाल्याची त्याहून जास्त. गावातून निघतानाच हातात काही असतं तर आमची पहिली पाच वर्षं वाया गेली नसती.

निवृत्त_निदेशक

आयटीआयमध्ये शिल्प निदेशक होतो, आता घरी आहे. सरांच्या प्रश्नांना धरून लिहितो.

आपल्याकडे आयटीआयची कारागीर प्रशिक्षण योजना १९५० पासून आहे, गवंडी हा त्यातला जुना ट्रेड, एक वर्षाचा. पण माझ्या नोकरीत मी काय बघितलं तर इलेक्ट्रिशियनला रांग आणि गवंडीच्या जागा रिकाम्या. आईबाप म्हणायचे सर दुसरं काही द्या हो, थापी धरायला आयटीआय कशाला. म्हणून पहिली लढाई अभ्यासक्रमाची नाहीच, ती घरातल्या माणसांशी आहे.

तासांचं म्हणाल तर नवीन राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात ३० तासांना १ क्रेडिट धरतात, वर्षाला ४० क्रेडिट म्हणजे १२०० तास. तुमच्या सहा महिन्यांत साधारण ६०० तास बसतील. ६०० तासांत चार ट्रेड म्हणजे प्रत्येकाला १५०, त्यात कोणीच काही शिकणार नाही. गवंडीकाम आणि सळईकाम एकत्र घ्या, ते एकमेकांना लागून आहेत. प्लंबिंग-वायरिंग पुढच्या वर्षी.

आणि ६०० पैकी वर्गातले तास शंभरावर जाऊ देऊ नका. त्यात मोजमाप, नकाशा वाचणं, सुरक्षितता आणि हिशोब, एवढंच. सळईचं वजन कसं काढायचं, तर व्यासाचा वर्ग भागिले १६२ म्हणजे मीटरला किती किलो ते येतं. १२ एमएमची सळई, १४४ भागिले १६२, म्हणजे मीटरला ९०० ग्रॅमच्या आतबाहेर. हे पोराला तोंडपाठ असलं की दुकानदार त्याला फसवू शकत नाही आणि मालकही त्याला मान देतो.

परीक्षा लेखी घेऊ नका. भिंत बांधायला लावा आणि ओळंबा लावा. तीन मीटर उंचीत सहा मिलिमीटरपर्यंतचा फरक चालतो, त्यापुढे नापास.

वायरमन_चाळीसगाव

निदेशक सर, वायरिंग पुढच्या वर्षी का बरं 😀 स्लॅब भरायच्या आधी पाइप टाकावे लागतात हो, गवंडी आणि वायरमनची भांडणं तिथेच सुरू होतात. निदान दोन दिवस तरी आम्हाला बोलवा, पाइप कुठून जातो आणि भिंतीला छिन्नी कुठे मारायची नाही हे गवंड्याला कळलं पाहिजे. साइटच्या बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच, पण बसवायला लावा पहिल्या दिवसापासून. ओल्या जागेत उघड्या वायरीवर मिक्सर चालतो, मी स्वतः झटका खाल्लेला आहे.

पांझरा_७१

निदेशक साहेब सहा मिलिमीटर बोलायला सोपं आहे. पण मान्य, ते वजनाचं गणित माझ्या सुपरवायझरला पण येत नाही.

ओळंबा दादा, तुम्ही म्हणता ते मला लागलं. खरं आहे की मी पण कोणाला शिकवलं नाही. पण मग माझीही एक गोष्ट ऐका. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात एक स्लॅब होता. मालक घाईत, पाण्याचा टँकर उशिरा आला, आम्ही अकरा वाजता भरायला सुरू केलं. त्या दिवशी ऊन असं की सळई हाताला लागली तर फोड येईल. माझ्या माणसांनी माल पातळ व्हावा म्हणून पाणी वाढवलं, मी बघत होतो आणि मीही थांबवलं नाही. चार वाजता वरून बघतो तर बारीक चिरा, अशा जाळीसारख्या, उन्हाळ्यात तळ्याचा गाळ वाळतो ना तशा. रात्रभर मी तिथे बसून होतो गोणपाट ओले करत. घर उभं आहे, पण पहिल्या पावसात गळलं आणि मी स्वतःच्या पैशाने वॉटरप्रूफिंग करून दिलं.

म्हणून म्हणतो, बाकी काही शिकवा न शिकवा, पाणी शिकवा.

बोरीकाठचा_मास्तर

पांझरा भाऊ, हे तुम्ही लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. पहिल्या आठवड्याचा धडा हाच.

एम २० प्रतीच्या काँक्रीटच्या नेहमीच्या मालाला ५० किलोच्या एका गोणीला जास्तीत जास्त ३० लिटर पाणी, आणि त्यात वाळूत आधीच असलेलं पाणी पण धरायचं. क्युरिंग, म्हणजे काँक्रीट ओलं ठेवणं, साध्या सिमेंटला किमान ७ दिवस सांगितलंय पण कोरड्या-उष्ण हवेत १० च्या खाली नाही, आणि आता बाजारात बहुतेक पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं सिमेंट असतं, त्याला १४ दिवस दिलेले बरे. आपल्याकडे जळगाव-भुसावळला मेमध्ये पारा ४५ च्या वर जातो, तिथे सात दिवस म्हणजे काहीच नाही. पुस्तकं सगळ्या देशासाठी लिहिलेली असतात, आपल्या उन्हाचा धडा आपणच लिहायचा.

ओळंबा

पाण्याचं बरोबर. पण मास्तर तुम्ही गोणीला ३० लिटर म्हणालात, वाळू घमेल्याने मोजली तर त्या ३० ला अर्थ राहत नाही. एक घमेलं शिगोशिग, दुसरं अर्धं. फरमा करून घ्या लाकडाचा, आतून ३५ सेंटी लांब, ३३ ला थोडं वर रुंद, ३० खोल. त्यात बरोबर एक गोणी सिमेंटएवढा माल बसतो. आन वाळू ओली असली की फुगते, तेवढ्याच फरम्यात कमी वाळू जाते. हे मला वयाच्या चाळिसाव्या वर्षी एका इंजिनियर ताईने सांगितलं. तोवर पावसाळ्यात माझा माल का बिघडतो ते मला कळत नव्हतं.

सुवर्णा_शहादा

ती ताई मी नाही 😊 पण मीही घरकुलाच्या साइटवर असते म्हणून लिहिते.

पंतप्रधान आवास ग्रामीणमध्ये गवंड्यांचं ४५ दिवसांचं प्रशिक्षण असतं. त्यातली एक गोष्ट तुम्ही जरूर उचला सर, तिथे शिकणारी मुलं सरावाची भिंत बांधून पाडत बसत नाहीत, एका खऱ्या लाभार्थ्याचं खरं घरकुल बांधतात. २५ चौरस मीटरचं घर, स्वयंपाकघर धरून. डोंगराळ भागात १ लाख ३० हजार मिळतात, त्या पैशात मिस्तरी बाहेरून आणला की निम्मा जीव तिथेच जातो. मी एका पाड्यावर बघितलंय, घर झाल्यावर ती म्हातारी रोज मुलांना ताक आणून द्यायची, आणि त्यातला एक मुलगा बायकोला घेऊन आला होता, हे मी बांधलं म्हणून दाखवायला.

आता माझा खरा मुद्दा. आतापर्यंत सगळे पोरं पोरं म्हणताय. माझ्या साइटवर निम्म्या बायका असतात. वीस वीस वर्षं डोक्यावर घमेलं वाहतात, माल कसा कालवायचा हे मिस्तरीपेक्षा त्यांना जास्त कळतं, पण थापी कोणी हातात देत नाही. का? झारखंडमध्ये शौचालयं बांधताना बायकांना गवंडीकाम शिकवलं, त्यांना राणी मिस्त्री म्हणतात. केरळात कुटुंबश्रीच्या बायका घरं बांधतात. मग आपल्याकडे काय अडतंय? पहिल्या बॅचमध्ये निदान एक तृतीयांश जागा बायकांना ठेवा, आणि बीए झालेल्या मुलींसाठी नव्हे, जी आज घमेलं वाहते तिच्यासाठी.

ओळंबा

ताई मी तीस वर्षं या बायकांबरोबर काम केलं आन हे माझ्या डोक्यात कधी आलं नाही. माझ्या स्वतःच्या बायकोने माझ्याबरोबर अकरा वर्षं घमेलं उचललं. आज रात्री तिला वाचून दाखवतो तुमचं.

केळीवाला_रावेर

वा ताई. थोडं विषयांतर करतो. आमच्या बाजूच्या फैजपूरला १९३६ साली काँग्रेसचं अधिवेशन झालं, खेड्यात भरलेलं पहिलं. गांधीजींनी सजावटीसाठी शांतिनिकेतनहून नंदलाल बोस यांना बोलावलं होतं आणि बांबू, लाकूड असं गावाकडचं साहित्य वापरून ते सगळं नगर उभं केलं. आमचे आजोबा सांगायचे ते ऐकून आम्हाला वाटायचं केवढा मोठा वाडा असेल, तर बांबूचा! सांगायचा मुद्दा काय, आपल्या भागात हात होते. आता आम्हाला केळीच्या पॅकहाऊसचं शेड घालायलाही बाहेरचा माणूस लागतो.

अमळनेर_ते_शिकागो

सर, मी मूळचा अमळनेरचा. इकडे कम्युनिटी कॉलेज हा प्रकार जवळून बघितलाय म्हणून लिहितो. अमेरिकेतलं पहिलं सार्वजनिक कम्युनिटी कॉलेज १९०१ मध्ये जोलिएटला निघालं, माझ्या घरापासून तासाभरावर. मी हौस म्हणून अशा एका कॉलेजात संध्याकाळचा सुतारकामाचा वर्ग केला. माझ्या शेजारी एक एकोणीस वर्षांचा मुलगा आणि एक पन्नाशीची नर्स. मोठ्या शेडमध्ये आम्ही लहानशा घराचा सांगाडा उभा केला, मास्तरांनी एकेक कोपरा काटकोनात आहे का ते गुण्याने तपासलं, आणि सेमिस्टर संपल्यावर खिळे काढून सगळं उतरवून ठेवलं पुढच्या बॅचसाठी.

दोन गोष्टी घेण्यासारख्या. एक, कोर्स ठरवताना आजूबाजूचे कंत्राटदार कॉलेजच्या सल्लागार समितीवर असतात, काय शिकवायचं ते तेही सांगतात आणि नंतर तेच मुलं घेतात. दुसरी, अप्रेंटिसशिप. वर्षाला साधारण २००० तास साइटवर, पगार घेऊन, आणि त्याबरोबर सुमारे १४४ तास वर्गात. म्हणजे शिकताना पोट उपाशी नाही. शिवाय सुरक्षेचा १० तासांचा कोर्स बहुतेक ठिकाणी आधी करून घेतात.

जिभाऊ_शिंदखेडा

हाई खरं. पोरेसले काम शिकाडा, पन पोट भरीसन.

पांझरा_७१

अमेरिकेत लाकडाची घरं दादा, इथे काळी माती आहे. उन्हाळ्यात भेगेत हात जातो आणि पावसात तीच माती फुगून पायाला उचलते. आमच्याकडे कोपऱ्यात तिरकी चीर पडलेली घरं गल्लीगल्लीत आहेत. मिस्तरीला विचारलं तर म्हणतो नजर लागली. पाया मुरुमापर्यंत खाली न्यायचा, काळी माती काढून मुरुम भरून कुटायचा, घराभोवती पाणी साचू द्यायचं नाही, हे तिकडच्या कोर्समध्ये कुठे असणार.

पण समितीचं पटलं. सर, समिती केली तर मी येतो. फुकट येतो.

सातपुडा

धडगावकडे शिक्षक आहे. मला वेळापत्रकाबद्दल बोलायचंय, कारण चांगले कोर्स आमच्याकडे वेळेमुळेच मरतात.

आमची पोरं दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातमध्ये जातात. होळीला येतात, कितीही लांब असली तरी येतातच. होळीआधीच्या भोंगऱ्या बाजारात सगळा मुलूख एका जागी असतो. प्रवेशाचं सांगायचं तर तिथे येऊन सांगा, जूनमध्ये पेपरात जाहिरात दिली तर आमच्यापर्यंत पोचत नाही. आणि खाली मैदानी भागात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सालदाराचं (शेतात वर्षाच्या कराराने राबणाऱ्याचं) साल संपतं, नवीन करार होतो. त्या आठवड्यात माणूस पुढच्या वर्षाचा विचार करत असतो. त्याच वेळी त्याच्यासमोर तुमचा कोर्स असला पाहिजे, कारण एकदा साल लागलं की तो वर्षभर बांधला गेला.

म्हणजे होळीला सांगा, आखाजीला नावं घ्या, पावसाळ्यात शेडमध्ये शिकवा, दसऱ्यानंतर साइटवर न्या. आणि राहायची सोय हवी. धडगावहून रोज येणंजाणं कोणाला जमणार नाही.

आणखी एक. आमच्या पावरा-भिल्ल घरांत कुडाच्या भिंती, लाकडी खांब, कौलं बसवणं हे पोरांना लहानपणापासून येतं. त्यांना पहिल्या दिवशी तुम्हाला काही येत नाही असं सांगू नका. काय काय येतं ते आधी त्यांच्याकडून करवून घ्या.

निवृत्त_निदेशक

सातपुडा सरांचं शेवटचं वाक्य मी छापून भिंतीवर लावलं असतं.

त्यावरून आठवलं. ज्यांना काम येतंच त्यांच्यासाठी आरपीएल म्हणून सोय आहे, आधीचं कौशल्य तपासून प्रमाणपत्र देतात. ओळंबा दादांसारख्यांचं ते आधी करून घ्या, म्हणजे शिकवणाऱ्याकडे कागद नाही म्हणून कोणी अडवलं तर दाखवायला काही असेल. वर्गात सर तुम्ही, भिंतीपाशी दादा, दोघं जोडीने. एकट्याने कोणीच नको.

पैशाचं. विद्यार्थी खऱ्या घरावर काम करतील त्या दिवसांची हजेरी त्यांना मिळालीच पाहिजे, फुकट राबवून घेतलं तर कोर्स बदनाम होईल. हजेरी दिली आणि वर्षात ९० दिवस भरले की १८ ते ६० वयातला कामगार बांधकाम कामगार मंडळात नोंदणी करू शकतो. आणि पांझरा भाऊ, तुमच्याकडे कायम चार माणसं असतील तर तुम्ही कायद्याने अप्रेंटिस घेऊ शकता, ३० किंवा त्याहून जास्त झाली तर घ्यावेच लागतात.

पांझरा_७१

हे मला बावीस वर्षांत कोणी सांगितलं नाही. साहेब व्यक्तिगत निरोप करतो तुम्हाला.

मुक्ताई_८

पोरीच्या लग्नाचं बघतोय सध्या, म्हणून हा धागा वाचत होते. खरं सांगू का, मिस्तरीचं स्थळ आलं की आमच्याकडे नाक मुरडतात, आणि दहा हजारांवर खासगी शाळेत असलेल्या मुलाला हो म्हणतात. मी पण तेच करत होते. इथलं वाचून माझं मला बरं वाटलं नाही.

उधना_कर

मुक्ताई ताई, माझ्या लग्नात सासऱ्यांना सांगितलं होतं की मुलगा कंपनीत आहे. टाइल्स लावतो हे त्यांना नंतर कळलं. आता त्यांच्याच घराची फरशी मी लावलीय आणि येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ते जावयाचं काम दाखवतात 😄

बोरीकाठचा_मास्तर

तीन दिवस सगळं वाचतोय, वहीत उतरवतोय. आज संस्थेच्या मीटिंगला ही वही घेऊनच गेलो होतो.

काय ठरलं ते सांगतो. चार ट्रेडचा हट्ट सोडला, पहिल्या वर्षी गवंडीकाम आणि सळईकाम, वीस जणांची बॅच, वायरमन दादांचे दोन दिवस नक्की. वीसपैकी सात जागा बायकांना आणि त्यासाठी शिक्षणाची अट नाही, सुवर्णाताई, ही अट काढायला दीड तास भांडलो. राहायची सोय कॉलेजच्या जुन्या वसतिगृहात होईल, बायकांसाठी वेगळी खोली, आणि लहान मूल बरोबर असेल तर काय, हा प्रश्न अजून सुटलेला नाही, कोणी केलं असेल तर सांगा. दसऱ्यानंतर एक खरं घर बांधायला मिळेल का यासाठी पंचायत समितीत जाऊन येतो. शिकवण्याच्या मानधनावर मात्र अडलंय. संस्थेचे एक ज्येष्ठ म्हणाले मिस्तरीला तासाने पैसे कसले द्यायचे, रोजाने द्या. मी म्हटलं मला तासाने देता ना, मग त्यांनाही तासाने. पुढच्या मीटिंगला परत मांडणार आहे, सोडणार नाही.

अडचण एकच आहे, सराव. वीस जणांनी रोज भिंत बांधायची म्हणजे सिमेंट आणि विटांचा खर्च पहिल्या महिन्यातच बजेट खाऊन टाकेल.

ओळंबा

सिमेंट कशाला लावता मास्तर. पांढऱ्या मातीत बांधा. आपली धाब्याची घरं त्याच मातीवर उभी राहिली. चिकट कालवायची, थोडा भुसा टाकायचा, थापीला सिमेंटच्या मालासारखीच बसते. संध्याकाळी भिंत तपासायची, दुसऱ्या दिवशी हळू उतरवायची, विटा धुवायच्या, परत वापरायच्या. दोन हजार विटांत महिना निघेल. दीपनगरच्या वीजकेंद्राच्या राखेच्या विटा बाजूला ठेवा, त्या शेवटी खऱ्या घराला वापरू, सुरुवातीला लाल वीटच बरी, ती हाताला सांगते पाणी किती प्यायली ते.

पहिल्या दिवशी मी थापी देणार नाही कोणाला. ओळंबा देणार. दोरी वरच्या गुटक्यातून सोडायची, गुटका भिंतीला धरायचा, गोळा खाली सोडायचा आन थांबायचं. पोरं थांबत नाहीत तिथेच चुकतात. गोळा हलत असतो आन ते म्हणतात झालं. तो पूर्ण शांत झाला पाहिजे, वारं असलं तर आडोसा करायचा. टेकून बसला तर भिंत वर जाताना मागे पडलीय, बोटभर लांब राहिला तर पुढे आलीय, केसभर फट दिसली की बरोबर. हे एकदा डोळ्यात बसलं की मग थापी.

सुवर्णा_शहादा

दादा, वहिनींना वाचून दाखवलंत का?

ओळंबा

दाखवलं ताई. ती म्हणाली सात जागांपैकी एक माझी लिहा. मी म्हटलं अगं वय काय तुझं, तर म्हणे तुमच्यापेक्षा पाच वर्षांनी कमीच आहे.

बोरीकाठचा_मास्तर

लिहिलं दादा, यादीत पहिलं नाव वहिनींचं. विटा दीड हजार आल्यात, माती पण आणून टाकलीय, फरमा सुताराकडे आहे. या रविवारी येऊन एकदा गोडाऊन बघाल का दोघं, भिंती कुठे मांडायच्या ते ठरवू?

ओळंबा

येतो, सकाळी सातला, ऊन चढायच्या आत. विटा शनिवारी रात्रीच पाण्यात टाकून ठेवा.